अक्काचे रक्त

फाल्गुन सरत आला की पानमळ्यातला उजेड हिरवा होतो. बाहेर उन्हाची पांढरी झळ, भाजलेली राने, बांधावरचे करपलेले गवत. आणि कुडाच्या आत पाऊल टाकले की शेवरीच्या सडपातळ, उंच झाडांना बिलगून चढलेली नागवेल, पानावर पान, पानाआड पान, आणि त्या सहस्रपर्ण छतातून गाळून उतरलेला ओलसर, मंद, पोपटी प्रकाश. त्या प्रकाशातून पाण्याचा पाट निःशब्द वाहतो. मळ्यात शिरताना माणसे पायताण बाहेर काढतात, आवाजही खाली आणतात. देवळात बोलावे तसे इथे बोलतात.

याच दिवसांत वेलींची उतरण चालते. वर्षभर चढून चढून थकलेली वेल झाडावरून हलक्या हाताने सोडवायची, तिची वेटोळी करून बुंध्याशी मातीत पुरायची, शेंडा तेवढा मोकळा ठेवायचा. पुरलेल्या जुन्या वेलीतून मग नवी वेल उठते. हात जड असला तर वेल मोडते, आणि मोडलेली वेल उठत नाही. मिरजेच्या पूर्वेला त्या गावात ज्याचा हात या कामात सगळ्यांत हलका, तो महालिंग कोरे यंदा मळ्यात नव्हता.

तो माडीवर होता. माडीची खिडकी बंद होती, तिच्या काचेमागे तो बसून होता, आणि काचेपलीकडे त्याच्या वेली दुसऱ्यांच्या हातांनी उतरत होत्या. अडतिसाव्या वर्षी त्याच्या रक्तात कर्करोग निघाला होता. पाच महिन्यांपूर्वी, कार्तिकात, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या हाडांतली मज्जा औषधांनी जाळून टाकली आणि तिच्या जागी त्याच्या थोरल्या बहिणीची, गौराक्काची मज्जा घातली. माझीपण उतरण झाली, असे तो भेटेल त्याला सांगे. थट्टेची त्याला जुनी खोड, आणि आजाराने ती गेली नव्हती.

जाळली म्हणजे खरोखरच जाळली. आठ दिवस नळीतून अग्नी उतरत होता, वर्णहीन, गंधहीन, थंड अग्नी. केस गळाले, भुवया गळाल्या, जिभेची साल निघाली, आणि रक्ताच्या उगमाशी जे काही जिवंत होते ते सारे, रोगी आणि निरोगी, एकाच चितेत राख झाले. नवव्या दिवशी शेजारच्या खोलीत अक्का पालथी पडली होती, कमरेच्या हाडावर पट्टी. आणि तिच्या हाडातून काढलेले काळेतांबडे, दाट द्रव्य एका पिशवीत भरून भावाच्या उशाशी टांगले होते. चार तास ते थेंबाथेंबाने उतरत राहिले. थेंब उतरे, थेंब थांबे, थेंब उतरे. बाहेर बाकावर बायको भाग्यश्री त्या चार तासांत एकदाही पाणी प्यायली नाही.

मग वाट पाहणे. रोज पहाटे रक्त काढायचे, रोज दुपारी आकडा ऐकायचा, आणि आकडा रोज शून्य. सतराव्या दिवशी शंभर श्वेतपेशी दिसल्या. एकोणिसाव्या दिवशी चारशे. बाविसाव्या दिवशी हजार. आणि दवाखान्यातल्या सिस्टरांनी काचेबाहेरून टाळ्या वाजवल्या. त्याचा रक्तगटसुद्धा बदलला. जन्मभराचा ‘ओ’ गेला, अक्काचा ‘बी’ आला. आता राखी कुणी कुणाला बांधायची, असे त्याने अक्काला विचारले, आणि अक्का हसता हसता पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, आणि खोटा धीर देत नव्हत्या. त्यांनी दोघा नवराबायकोंना समोर बसवून समजावले, की आकडा आला म्हणजे सगळे आले असे नाही. जुन्या रक्ताबरोबर जुन्या रक्ताची सारी ओळखपाळखही जळाली. लहानपणी टोचलेल्या लसी पुसल्या गेल्या. त्या वर्षभराने, तान्ह्या बाळाला देतात तशा, पहिल्यापासून द्याव्या लागतील. ‘हे रक्त आता तान्हं आहे,’ त्या म्हणाल्या, ‘त्याला जे कधी भेटलेलं नाही ते त्याला ठाऊक नाही.’ महालिंगने मान डोलावली. लसीचे त्याला पटले. सुईने आलेले सुईने जाईल, यात नवल ते काय.

घरी आल्यावर भाग्यश्रीने माडीचा किल्ला केला. पाणी वीस मिनिटे उकळलेले. भांडी वेगळी, पंचा वेगळा, चादर रोज उन्हात. फुले नाहीत, कच्ची कोशिंबीर नाही, दही नाही, पाहुणे नाहीत. दवाखान्याने दिलेला सूचनांचा कागद तिने जिन्याच्या भिंतीला चिकटवला आणि गावातल्या बड्या बड्यांना त्या कागदावरून परत पाठवले. लोक म्हणाले, कोऱ्याची सून फार ताठ झाली. ती ताठ झाली नव्हती, घाबरली होती. पण घाबरलेले माणूस वाकले तर मोडते, म्हणून ती ताठ राहिली.

सात वर्षांची शांभवी त्यांची एकुलती एक. माडीच्या उंबऱ्याच्या अलीकडे तिच्यासाठी खडूची एक रेघ होती. शाळेतून यायचे, अंघोळ करायची, कपडे बदलायचे, तोंडाला मास्क लावायचा, आणि त्या रेघेवर येऊन उभे राहायचे. तिथून ती वही उघडून दाखवी. तिथून पाढे म्हणी. तिथून ती बापाला विचारी, आप्पा, तुमच्यात आता आत्या आहे तर तुम्हाला आत्यासारखं गाता येतं का. तो बेसूर गाऊन दाखवी आणि ती रेघेवर उभ्या उभ्या हसून वाकडी होई. पाच महिने त्या बापाने लेकीच्या केसांवरून हात फिरवला नव्हता. पाच महिने, आणि अंतर अवघे सहा हात.

खाली घरात नीलव्वा, महालिंगची आई. सत्तरीची, संधिवाताने बोटे वळून आत गेलेली, कण्हण्याची सवय नसलेली. तान्हे रक्त ही गोष्ट सगळ्यांत आधी तिलाच कळली होती. तान्ह्याला कसे जपायचे हे ती सात बाळंतपणांतून शिकली होती, त्यांतली दोनच मुले जगली होती. ती मुलासाठी मऊ भात स्वतः शिजवी, जिन्याशी ठेवी, आणि वरच्या पावलांचा आवाज येईपर्यंत खालच्या पायरीवर बसून राही.

चैत्र आला. परड्यातला कडुलिंब फुलला, त्याच्या फिकट, बारीक, कडवट फुलांचा सडा दारात पडू लागला. आणि पाडव्यापासून चौथ्या दिवशी शांभवी शाळेतून तापाने फणफणत आली. दुसऱ्या सकाळी तिच्या पोटावर पाणी भरलेले बारीक फोड होते, दुपारी पाठीवर, संध्याकाळी पापण्यांवर. वर्गात आधीच चौघांना कांजिण्या निघाल्या होत्या, हे तेव्हा कळले.

भाग्यश्रीने जिन्याचे दार लावले. लेकीला मागच्या खोलीत हलवले. पुण्याला फोन केला. पलीकडच्या सिस्टरने शांतपणे सांगितले, की मुलीला आणि त्यांना अजिबात एकत्र येऊ देऊ नका. आले असतील तर चार दिवसांच्या आत कळवा, एक इंजेक्शन आहे, ते चार दिवसांतच उपयोगी पडते. शिवाय विषाणूवरची त्यांची रोजची गोळी मूत्रपिंडासाठी तीन आठवडे बंद ठेवली आहे, तेव्हा जास्तच जपा. भाग्यश्रीने हे सारे नवऱ्याला जिन्याच्या दाराआडून ओरडून सांगितले. ऐकलं, तो वरून म्हणाला, मी काय लग्नाला निघालोय.

पण नीलव्वाजवळ दुसरे शास्त्र होते, आणि ते जुने, पारखलेले, तिच्या डोळ्यांनी पाहिलेले शास्त्र होते. कांजिण्या म्हणजे देवीचे येणे. ती आली की घरात फोडणी द्यायची नाही, आरडाओरडा करायचा नाही, आजाऱ्याजवळ लिंबाचा डहाळा घेऊन बसायचे, अंगाला खाज सुटली की नखे लागू न देता डहाळ्याने हळू वारायचे. आणि बसायचे कुणी, तर जिच्या किंवा ज्याच्या अंगावर ती पूर्वी येऊन गेली असेल त्यानेच. कारण एकदा येऊन गेलेली देवी त्या अंगावर परत येत नाही. या शास्त्रात अंधश्रद्धा असेल तेवढी असो, शेवटचे कलम मात्र डॉक्टरांच्या पुस्तकातही तसेच आहे. पिढ्यान्पिढ्या ते खरे ठरले होते.

भाग्यश्रीला कांजिण्या कधी आल्या नव्हत्या. नीलव्वाला आल्या होत्या, पण तिच्या वळलेल्या बोटांत डहाळा ठरत नव्हता. आणि महालिंगच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, त्याच्या सहाव्या वर्षीचे तीन खळगे होते.

तिसऱ्या दिवशी फोड अंगभर झाले. भाग्यश्री बाराच्या गाडीने मिरजेला गेली, औषध आणि अंगाला लावायचे पांढरे पाणी आणायला. उन्हाने गल्ली ओस पडली होती. मागच्या खोलीत पोर रडत होती, आधी मोठ्याने, मग चिडून, मग नुसते हुंदके; आणि हुंदक्यांमधून नखांचा खरखर आवाज. आजीने तिचे हात धरले, हात निसटले. डहाळा उचलला, डहाळा पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. आजीच्या डोळ्यांत पाणी आले ते स्वतःच्या बोटांच्या रागाने आले.

नीलव्वा उठली. गुडघ्यावर हात रोवत, एकेका पायरीवर थांबत, ती जिना चढली आणि तिने वरच्या दाराची कडी काढली.

‘म्हालिंगा, खाली ये,’ ती म्हणाली. ‘पोरगी अंग ओरबाडून घ्यायला लागलीया. माझ्या हातात काडी ठरंना.’

तो म्हणाला, भाग्यश्रीनं बजावलंय.

‘तिला न्हाईत आल्या, ती भ्यायचीच. तुला येऊन गेल्यात.’ आणि दारातूनच तिने आपले वाकडे बोट त्याच्या कपाळाकडे केले. ‘माझ्या मांडीवर एकवीस दिस होतास. तुला काय व्हत न्हाई.’

तो क्षणभर उभा राहिला. त्याला कागद आठवला, फोन आठवला, डॉक्टरीणबाईही आठवल्या. आणि त्याच वेळी खालून हुंदका आला. खरे सांगायचे तर त्याला कारण हवेच होते. पाच महिने तो कारणाच्या शोधात होता, आणि आता खुद्द आईने ते त्याच्या कपाळावर दाखवले होते. त्याने मास्क लावला, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, आणि तो खाली गेला.

मागच्या खोलीत थंड अंधार होता. कौलांच्या फटीतून उन्हाची एकच सोनेरी सळई जमिनीवर पडली होती, तिच्यात धूळ संथ फिरत होती. लिंबाच्या पानांच्या अंथरुणावर त्याची लेक पडली होती, ज्वरतप्त, आरक्त, अंगभर मोत्यांसारखे भरलेले फोड. तिने डोळे उघडले.

‘आप्पा, रेघ?’ ती म्हणाली.

‘आज रेघ न्हाई,’ तो म्हणाला.

आणि तो तिच्याजवळ बसला. ज्या हाताने वेल सोडवायची पण पान फाटू द्यायचे नाही, त्या हाताने त्याने डहाळा घेतला आणि तिच्या पाठीवरून फिरवला. वरून खाली, वरून खाली. कपाळावरून, दंडावरून, तळव्यांवरून. पानांची सळसळ, पोरीचा श्वास, पुन्हा पानांची सळसळ. हुंदके लांबले, विरळ झाले, थांबले. तिने त्याचा अंगठा मुठीत धरला, तान्हेपणी धरी तसा, आणि ती झोपली.

तीन तास तो तसाच बसला. पाय बधिर झाले, त्याने हलवले नाहीत. मूठ सुटू नये म्हणून त्याने अंगठा हलवला नाही. मास्क ओला झाला तेव्हा त्याने तो काढून बाजूला ठेवला, आणि खाली वाकून लेकीच्या केसांचा वास घेतला. ताप, घाम, लिंब, आणि त्या सगळ्याखाली तिचा स्वतःचा, जन्मापासूनचा वास. दवाखान्यातल्या टाळ्यांच्या दिवशी झाला नव्हता इतका आनंद त्याला त्या दुपारी झाला. आयुष्यात पुन्हा कधी तसा झाला नाही.

पाचच्या गाडीने भाग्यश्री आली तेव्हा तो वर होता, दाराला कडी होती, शांभवी शांत झोपली होती. तिने पोरीला पांढरे पाणी लावले. मग ती जिन्याशी आली, भिंतीवरचा कागद तिने पुन्हा वाचला, आणि वर जाऊन दारातून विचारले, ‘तुम्ही खाली गेला नव्हता ना?’

तिच्या मागे, जिन्याच्या तळाशी, नीलव्वा उभी होती. वळलेली बोटे पदरात लपवलेली. तिने मुलाकडे पाहिले. मुलाने तिच्याकडे पाहिले.

‘नाही,’ तो म्हणाला.

एवढेच. दोन अक्षरे. आईला सुनेपुढे उघडे पाडायचे नाही म्हणून. पोरीच्या आजारात घरात भांडण नको म्हणून. आणि ती दुपार त्याची एकट्याची होती, तिच्यावर कुणी गुन्ह्याचा शिक्का मारू नये म्हणूनही. मायेपोटी बोललेले ते खोटे होते. मायेपोटी बोलले म्हणून ते कमी खोटे झाले नाही.

मग ते चार दिवस आले. पहिला दिवस आला आणि लिंबाची फुले गाळत मावळला. दुसरा आला. मळ्यात पानांचे कुडतन, पिकल्या पानांची खुडणी, चालले होते, त्याचा हिरवा, तिखट वास माडीपर्यंत चढला, आणि दिवस मावळला. तिसऱ्या दिवशी नीलव्वाने भाताचे ताट ठेवताना वर पाहून हळूच विचारले, तिला सांगू का रे. तो म्हणाला, कशाला उगाच, मला काय झालंय. खरेच त्याला काही झाले नव्हते. गाल भरले होते, डोक्यावर बारीक, मऊ, काळे केस उगवले होते. चौथा दिवस आला, संथ, निरभ्र, इतर दिवसांसारखाच. आणि तोही मावळला. पुण्यात कुठल्याशा थंड कपाटात ते इंजेक्शन होते, तिथेच राहिले.

बाराव्या दिवशी शांभवीच्या खपल्या पडल्या. लिंबाच्या पानांच्या पाण्याने तिला न्हाऊ घातले, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. ती पुन्हा रेघेवर येऊन उभी राहिली. तिने आपला अंगठा वर करून दाखवला. त्याने आपला दाखवला. भाग्यश्रीला वाटले, बरे झाल्याची खूण आहे.

त्या दुपारपासून पंधराव्या दिवशी त्याच्या पोटात कळ आली. गॅस असेल, तो म्हणाला. सोळाव्या दिवशी कळ पाठीत गेली, आणि तो भिंतीकडे तोंड करून गुडघे पोटाशी घेऊन पडला. सतराव्या दिवशी गाडी करून त्याला पुण्याला नेले. अंगावर एक फोड नव्हता, म्हणून कुणाला उमजेना. पोटाची चित्रे काढली, रक्त तपासले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर त्याचे कपाळ पुसत असताना केसांच्या कडेला तिला एक फोड दिसला, लहान, स्वच्छ, दवाच्या थेंबाएवढा. दुपारपर्यंत ते शंभर झाले.

अक्का धावत आली होती, हवे तर पुन्हा रक्त काढा म्हणत. डॉक्टरीणबाईंनी तिला एकच प्रश्न विचारला, तुम्हाला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का.

‘न्हाई,’ अक्का म्हणाली. ‘म्हालिंगाला आल्या तवा मला जतला मामाकडं धाडलं हुतं. मला लागू नयेत म्हणून.’

डॉक्टरीणबाईंनी हातातले पेन खाली ठेवले. अक्काला आधी काही कळले नाही. मग तिला हळूहळू सांगितले, आणि तिला कळले. कपाळावरचे खळगे भावाचे होते. पण खळग्यांखाली वाहणारे रक्त आता तिचे होते, आणि बत्तीस वर्षांपूर्वी आईबापांनी ज्या रोगापासून तिला इतके जपून दूर ठेवले, तो रोग त्या रक्ताने कधी पाहिलाच नव्हता. जपलेली पोर भावाच्या अंगात अजून जपलेलीच होती, अजाण, निःशस्त्र. अक्का बाकावर बसली आणि आपल्याच मनगटाकडे पाहत राहिली.

यकृत गेले, मग फुप्फुसे गेली. औषध शिरेतून अहोरात्र चालू होते, पण उशिराचे औषध होते ते. तोंडावर श्वासाचे यंत्र चढवण्याआधी भाग्यश्रीला आत जाऊ दिले. त्याचा चेहरा फोडांनी ओळखू येत नव्हता. डोळे मात्र त्याचेच होते, आणि थट्टा करावी की नाही या विचारात असल्यासारखे होते.

‘मी गेलो होतो खाली,’ तो म्हणाला. ‘माझ्या मनानं गेलो. कुणी बोलावलं न्हवतं.’

त्यानंतर तो बोलला नाही. वैशाखातल्या पहिल्या सोमवारी, बाहेर बहाव्याची पिवळी फुले दाटलेली असताना, काचेआतल्या शुभ्र, निर्जंतुक, निश्चल प्रकाशात महालिंग कोरे वारला. यंत्रावरची रेघ सरळ झाली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्या क्षणीही त्याच्या हाडांत अक्काच्या मज्जेची श्वेतपेशी जन्मत होती, असे डॉक्टरीणबाई नंतर कुणाला तरी म्हणाल्या. मज्जेने काही चुकवले नव्हते.

गावी आणून त्याला मळ्याच्या कडेला माती दिली. माणसे आली, माणसे गेली. आणि पाचव्या दिवशी घरात तिघी उरल्या.

भाग्यश्री सोप्यात बसून राही, भिंतीला टेकून, कोरड्या डोळ्यांनी. ती लेकीला जेवायला वाढी, पाणी देई, पण तिला हात लावत नव्हती. तिलाच ते भयंकर वाटत होते, तरी हात पुढे होत नव्हता. पोरीच्या गालांवर, मानेवर खपल्यांच्या जागी गुलाबी ठिपके होते, आणि भाग्यश्रीची नजर त्या ठिपक्यांवर पडली की ती तोंड फिरवी. आई दहा दिवस दवाखान्यात, आजीच्या बोटांत कंगवा ठरत नाही. शांभवीचे केस न्हाल्यापासून विंचरलेले नव्हते. त्यांच्या जटा झाल्या होत्या. ती सोप्याच्या दुसऱ्या टोकाला बसे, आईपासून सहा हातांवर, आणि जवळ येत नसे. तिला कुणी रेघ आखून दिली नव्हती.

माणसांच्या बोलण्यातून मुलांच्या कानावर काय पडायचे ते पडतेच. त्या दुपारी तिने विचारले. फार हळू विचारले.

‘मम्मी, आप्पांना मी दिलं का?’

भाग्यश्रीने ओठ उघडले. नाही म्हणायचे होते. तो एक शब्द निघाला नाही, कारण खोटे बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती. सोप्यात उन्हाचा पट्टा इंचभर सरकला. पोर वाट पाहत राहिली.

तेव्हा चुलीजवळून नीलव्वा उठून आली. ती शांभवीपुढे बसली, आणि बोलली मात्र सुनेकडे पाहून.

‘त्यो आपल्या मनानं न्हाई गेला,’ ती म्हणाली. ‘मी वर जाऊन कडी काढली. मी खाली बोलावलं. तुला येऊन गेल्यात, तुला काय व्हत न्हाई, असं मी म्हणाले.’ मग पोरीकडे वळून, ‘तू न्हाईस, बाळ. आज्जीनं दिलं.’

कुणी तिला विचारले नव्हते. मुलगा मरता मरता तिच्यावर पांघरूण घालून गेला होता, आणि ते पांघरूण तिला मरेपर्यंत पुरले असते. सुनेला कधी कळले नसते. गावाला कधी कळले नसते. म्हातारीने ते आपल्या हाताने काढून नातीच्या अंगावर घातले, आणि ती उघडी बसून राहिली.

भाग्यश्री तिच्याकडे पाहत राहिली. इतके दिवस जो राग कुणावर ठेवायचा ते कळत नव्हते, त्याला आता जागा मिळाली होती. समोर, हातभर अंतरावर, पांढऱ्या केसांची, वळलेल्या बोटांची जागा. तिच्या कपाळाची शीर उडत होती. बराच वेळ गेला. मग तिने हात लांब केला, शांभवीचे मनगट धरले, आणि तिला ओढून आपल्या पुढ्यात बसवले.

कोनाड्यातला कंगवा घेतला. जटा टोकाकडून सोडवायला सुरुवात केली. केस ओढले जात होते, पोरीच्या डोळ्यांत पाणी येत होते, पण ती हूं की चूं करत नव्हती. मान मागे टाकून ती आईच्या गुडघ्यांत जितके शिरता येईल तितके शिरली होती. एक गाठ सुटली. दुसरी सुटेना. कंगवा अडके, कंगवा निघे, कंगवा पुन्हा अडके. आणि त्या सुटेनाशा गाठीवर वाकलेली असतानाच भाग्यश्री रडू लागली, आवाज न करता, खांदे हलवत, पहिल्यांदा.

नीलव्वा उठून आत गेली. खोबरेल तेलाची वाटी दोन्ही तळव्यांत धरून, सांडू न देता, हळूहळू ती बाहेर आली. सुनेच्या हाताला येईल अशा बेताने तिने ती जमिनीवर ठेवली, आणि परत चुलीजवळ जाऊन पाठमोरी बसली.

भाग्यश्रीने वाटीकडे पाहिले नाही. ऊन भिंतीवर चढले, पाट वाहत राहिला, सोप्यात कंगव्याचा आवाज होत राहिला. तिने वाटीकडे पाहिले नाही. मग, न पाहता, तिने बोटे तेलात बुडवली.